सुटलेली नोकरी आणि राहिलेले नाते

शास्त्रपाठ : १ शमुवेल ८:१-९, ९:२२-२४, १२:१-२५
सोबत वाचावे : उत्पत्ती ३१, लूक १६:१-९, प्रेषितांची कृत्ये १६:३५-४०



गिलगाल येथे सर्व इस्राएल जमले होते. शौलाला राजा करण्यात आले होते, शांत्यर्पणे झाली होती, लोक मोठ्या आनंदात होते. त्या आनंदाच्या दिवशी एक मनुष्य कामावरून कमी झाला, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. शमुवेलाने उभ्या आयुष्यात इस्राएलाचा न्यायनिवाडा केला होता. दरवर्षी बेथेल, गिलगाल आणि मिस्पा अशी फेरी करून तो रामा येथे आपल्या घरी परत येत असे (७:१६-१७). आता लोकांना राजा हवा होता. वडीलमंडळींनी त्याच्या तोंडावर दोन कारणे सांगितली होती : एक, तो म्हातारा झाला आहे, दुसरे, त्याचे मुलगे त्याच्या मार्गाने चालत नाहीत. दोन्ही कारणे खरी होती. मुलगे लाच घेत, हे शास्त्र स्वतःच सांगते (८:३). म्हणूनच ते त्याला अधिक लागले असावे. खोट्या आरोपाला माणूस उत्तर देतो, खऱ्या आरोपापुढे त्याला गप्प बसावे लागते.

शमुवेल संदेष्टा होता आणि पुढेही राहिला, हे खरे. परंतु जे काम तो करीत होता ते दुसऱ्याकडे गेले, आणि ज्यांनी ते काढून घेतले त्यांच्यातच त्याला उरलेले आयुष्य काढायचे होते. आमचा आजचा पाठ ह्याविषयी आहे. ज्याने आपल्याला कामावरून कमी केले त्याच्याशी पुढे कसे वागावे?

इंदूरच्या माणसाला नोकरी सुटणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशा एकाहून एक कापड गिरण्या ह्या शहरात होत्या. परदेशीपुरा आणि पाटनीपुऱ्याची घड्याळे त्यांच्या भोंग्यावर लावलेली असत. गिरण्या गेल्या, मालवा मिल हे आता चौकाचे नाव उरले आहे. पुढची पिढी पीथमपूरच्या कारखान्यांत गेली, त्यापुढची सुपर कॉरिडॉरवरच्या संगणक कंपन्यांत. पूर्वी दारावर नोटीस लागत असे, आता सकाळी ई-मेल येतो आणि दुपारी फाटकावरचे कार्ड चालेनासे होते. घरी येऊन बायकोला सांगण्याची वेळ मात्र तीच आहे.

अशा वेळी मंडळीत दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, झाले गेले विसरा, प्रभूवर सोपवा, वादात पडू नका. दुसरा म्हणतो, त्या माणसाच्या दारात पुन्हा पाय ठेवू नका. पहिल्या सल्ल्यात भक्ती दिसते व दुसऱ्यात स्वाभिमान दिसतो. पण शमुवेलाने ह्यांपैकी एकही मार्ग धरला नाही.

हिशेब आधी

बाराव्या अध्यायाच्या आरंभी तो काय करतो ते पाहा. तो सर्व लोकांसमोर उभा राहून विचारतो की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला फसवले, कोणाच्या हातून लाच घेतली? आणि तो उत्तराची वाट पाहतो. लोक सांगतात की काही घेतले नाही. मग तो परमेश्वराला आणि अभिषिक्त राजाला साक्षी ठेवतो (१२:३-५). बैल आणि गाढव ह्या शब्दांत काही अलंकार नाही. त्या काळी सत्ताधाऱ्याच्या हाती येणाऱ्या मालमत्तेचे तेच प्रकार होते. आजच्या भाषेत किल्ल्या, खातेवह्या, पावतीपुस्तके, संस्थेचा फोन, गाडी, संगणकाचा पासवर्ड.

जाणाऱ्याने हे सर्व मोजून द्यावे आणि दिल्याची सही घ्यावी. सही मागण्यात अविश्वास आहे असे काहींना वाटते. शमुवेलाने तर साक्षीदारच मागितले. सहा महिन्यांनी कपाटातली एखादी वस्तू सापडली नाही की पहिले बोट गेलेल्या माणसाकडे वळते, आणि मग नाते तुटायला दुसरे काही लागत नाही.

येथे लूक १६ मधील कारभारी कोणाच्याही मनात येईल. त्यालाही धन्याने कामावरून काढले आणि हिशेब दे म्हटले. त्याने धन्याच्या ऋणकऱ्यांना बोलावून तेलाचे शंभर मण होते तेथे पन्नास आणि गव्हाचे शंभर होते तेथे ऐंशी लिहायला लावले. नोकरी सुटताना मालकाच्या गिऱ्हाइकांची यादी खिशात घालून नेणारे काही लोक ह्या दाखल्याचा आधार घेतात; आम्ही ऐकले आहे. दाखला नीट वाचावा. त्या कारभाऱ्याला प्रभु अन्यायी म्हणतो. प्रशंसा झाली ती उद्याचा विचार आज करण्याच्या त्याच्या शहाणपणाची, खोट्या आकड्यांची नाही. मित्र जोडून ठेवावेत, हे त्यातून घ्यावे. दुसऱ्याच्या पैशाने जोडू नयेत, हे आठव्या आज्ञेने आधीच सांगितले आहे.

सत्य बोलावे, पण कोणासमोर?

हिशेब झाल्यावर शमुवेल गोड बोलून निघून गेला नाही. राजा मागण्यात लोकांनी दुष्टपणा केला हे त्याने स्पष्ट सांगितले (१२:१७). गव्हाच्या कापणीचे दिवस असून मेघगर्जना झाली आणि पाऊस पडला, तेव्हा लोक घाबरले. आपल्या लक्षात यावे ते असे की त्याने ही गोष्ट त्यांनाच सांगितली, त्यांच्या समोर सांगितली, आणि एकदा सांगितली. रामा येथे परत जाऊन अंगणात बसून जो येईल त्याला ती सांगत राहिला, असे कोठेही लिहिलेले नाही.

आम्हांला वाटते की बहुतेक नाती नोकरी सुटल्याने तुटत नाहीत; सुटल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात जे बोलले जाते त्याने तुटतात. सियागंजच्या पेढीवर काय बोललात ते संध्याकाळपर्यंत कापड मार्केटात पोहोचते. व्हॉट्सॲपला संध्याकाळही लागत नाही. नवीन ठिकाणी मुलाखतीत विचारतात की आधीचे काम का सुटले. त्याला एक खरे वाक्य पुरते : विभाग बंद झाला, माणसे कमी केली, माझे आणि व्यवस्थापकांचे कामाच्या पद्धतीवर जुळले नाही. ते वाक्य घरीच ठरवून जावे. त्याच्यापुढे दुसरे वाक्य जोडण्याचा मोह होतो. विचारणारा बहुधा त्या दुसऱ्या वाक्यावरूनच माणसाची पारख करतो.

आणखी एक प्रसंग फार ठिकाणी येतो. वरिष्ठ सांगतात की आम्ही काढले असे लिहीत नाही, तुम्हीच राजीनामा लिहून द्या, तुमच्या नावाला बरे. ऐकायला ते दयेचे वाटते. फिलिप्पै येथे पौलाला असेच गुपचूप सोडून देऊ पाहिले होते. त्याने सांगितले की आम्हांला चौकशीवाचून उघडपणे फटके मारले, आता चोरून बाहेर घालवता काय? अधिकाऱ्यांनी स्वतः यावे. ते आले, त्यांनी विनवणी केली, आणि मग तो लुदियेच्या घरी जाऊन बंधुजनांना धीर देऊन शांतपणे निघून गेला (प्रे. कृत्ये १६:३५-४०). त्याने भांडण वाढवले नाही आणि खोट्या कागदालाही मान तुकवली नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे, कारण स्वेच्छेने राजीनामा दिला असे कागदावर आले की कपातीच्या नुकसानभरपाईचा हक्क बहुधा उरत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी एक रात्र मागून घ्यावी.

जागेवर येणारा

आता नवव्या अध्यायाकडे मागे वळू. शौल गाढवे शोधत शमुवेलाकडे आला होता. आपल्या जागी येणारा तो हाच, हे शमुवेलाला कळले होते. त्याने त्याला जेवायला बोलावले, निमंत्रितांत वरच्या जागी बसवले, आणि स्वयंपाक्याला सांगून राखून ठेवलेली मांडी त्याच्या पुढे ठेवली (९:२२-२४). दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर तेल ओतले.

ज्याच्यामुळे आपण गेलो त्याला काम शिकवून जाणे ह्याहून कठीण काम आम्हांला माहीत नाही. पण तो नवा मनुष्य बहुधा आपल्याइतकाच गरजू असतो, आणि आपल्याला काढण्याचा निर्णय त्याने घेतलेला नसतो. त्याला कोणते गिऱ्हाईक उधारी बुडवते, कोणते यंत्र पावसाळ्यात अडते, कोणत्या वर्गातला मुलगा उपाशी येतो हे सांगून जावे. अशा वेळी जे हातचे राखले जाते त्याचा तोटा मालकाला थोडा होतो, गिऱ्हाइकाला, रुग्णाला किंवा मुलाला अधिक होतो.

ह्याला मर्यादा मात्र आहे. आमच्या परिचयाचे एक मुनीम आहेत. मालकाच्या मुलाने हिशेब संगणकावर नेले तेव्हा त्यांना निरोप मिळाला. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जुन्या शिलकी मालाची नोंद कोणालाच जुळेना. तेव्हा पेढीवरून बोलावणे आले. ते गेले. दोन दिवस जुन्या वह्या समजावून दिल्या, चहा घेतला, काही मागितले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी नम्रपणे म्हटले, “शेठजी, येथवर ओळखीचे होते, ह्यापुढे कामाचे आहे.” त्यांनी रोजाचा दर सांगितला. शेठजींनी तो दिला, आणि आता दरवर्षी मार्चअखेरीस त्यांना बोलावणे असते. काही बंधूंना त्यांचे हे वागणे ख्रिस्ती वाटले नाही. आम्हांला ते पूर्ण ख्रिस्ती वाटते. कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे हे प्रभूनेच सांगितले आहे (लूक १०:७), आणि फुकट राबून मनात कुढण्यापेक्षा दर सांगून हसतमुखाने काम करणे नात्याला अधिक पोषक असते.

क्षमा केली म्हणजे बाकी सोडली काय?

ह्या प्रश्नावर मंडळ्यांत फार गोंधळ आहे. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. पाच हजारांवर कामगार एका दिवसात रस्त्यावर आले. २००७ साली उच्च न्यायालयाने सुमारे २२९ कोटींची भरपाई ठरवली, तरी पैशाचा मोठा भाग अडकूनच राहिला. शेवटी २५ डिसेंबर २०२३ रोजी, आपण नाताळच्या उपासनेहून घरी येत होतो त्या दिवशी, सुमारे २२४ कोटींचा धनादेश देण्याचा कार्यक्रम झाला. ४,८०० वर कामगारांची ती बाकी होती. मधली बत्तीस वर्षे कामगार बैठका भरवत राहिले, तारखांना जात राहिले. अनेकांच्या विधवांना ते पैसे घ्यायला जावे लागले. ही माणसे द्वेषी होती म्हणून भांडत होती, असे कोण म्हणेल? मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी दे, असे नियमशास्त्र धन्याला सांगते (अनुवाद २४:१४-१५). अडकवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोब लिहितो (५:४). जे मागणे देवाच्या कानी जाते ते कामगार अधिकाऱ्याच्या कानी घालणे पाप होऊ शकत नाही.

क्षमा मनातून वैर काढते. कर्ज खोडून टाकणे ही निराळी गोष्ट आहे. धनकोने ती स्वखुशीने करावी, दुसऱ्याने त्याच्यावर लादू नये.

म्हणून हक्क माहीत असावेत. कपात झालेल्या कामगारास एक महिन्याची नोटीस किंवा तिचे वेतन, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आली आहे. त्याच कायद्यात एक कलम असे होते की धनी पुन्हा माणसे घेऊ लागला तर कपात झालेल्यांना आधी विचारावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे आहे, मात्र कपातीपासून एक वर्षाच्या आत भरती झाली तर. म्हणजे जुन्या धन्याकडे पत्ता आणि फोन नंबर लिहून देऊन ठेवणे, वर्षभर अधूनमधून विचारपूस करणे, ह्यात लाचारी नाही. कायद्यानेच ते दार उघडे ठेवले आहे. बाकी मागताना भाषा मात्र सौम्य ठेवावी आणि मागणी लेखी असावी. तोंडी मागणी दुसऱ्या भेटीत तक्रार होते आणि तिसऱ्या भेटीत शिवी.

शिक्षकांची गोष्ट वेगळी आहे. गोव्यातील एका ख्रिस्ती संस्थेच्या शाळेतून १९७५ साली काढलेल्या शिक्षिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८८ साली निर्णय झाला की शिक्षक हे त्या १९४७ च्या कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हेत. ग्रॅच्युइटी मात्र शिक्षकांनाही मिळते. २००९ च्या दुरुस्तीने ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली गेली.

मिस्पा

सर्वच धनी शमुवेलाच्या लोकांसारखे चूक कबूल करणारे नसतात. काही लाबानासारखे असतात. याकोबाने त्याच्याकडे वीस वर्षे चाकरी केली, दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने झिजला, फाडून टाकलेल्या जनावराची भरपाईही स्वतःच दिली, आणि लाबानाने त्याची मजुरी दहा वेळा बदलली. शेवटी दोघांनी दगडांची रास घातली, तिच्याजवळ बसून जेवण केले, आणि वाईट करण्याच्या हेतूने कोणीही ही रास ओलांडून दुसऱ्याकडे जाणार नाही असा करार केला. त्या जागेचे एक नाव मिस्पा. पुष्कळ ख्रिस्ती घरांत मिस्पाचे वचन निरोपाचा आशीर्वाद म्हणून लिहिले जाते. मूळ प्रसंग वाचला तर ते दोन अविश्वासू माणसांमधल्या हद्दीच्या दगडाजवळ उच्चारलेले आहे : आपण एकमेकांपासून दूर असू तेव्हा परमेश्वरच पहारा करो.

तेव्हा काही धन्यांशी नाते ठेवणे म्हणजे हद्द ठेवणे. पौलाने रोमकरांस लिहिताना शक्य असेल तर आणि आपल्याकडून होईल तेवढे, अशा दोन अटी घालूनच सर्वांशी शांतीने राहायला सांगितले आहे (१२:१८). ज्याने अपमान केला, पगार बुडवला, एखाद्या बहिणीला नको तसे वागवले, त्याच्या घरी नाताळचा केक घेऊन गेलेच पाहिजे, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. रास ओलांडून वाईट करायला जाऊ नये, एवढे पुरे. जेवण मात्र त्यांनीही एकदा एकत्र केले होते.

धनी आणि पाळक एकाच बाकावर

आमच्या मंडळ्यांची खरी अडचण पुढेच आहे. आपली पुष्कळ माणसे शाळा, दवाखाने, वसतिगृहे अशा मंडळीच्याच संस्थांत काम करतात. तेथे काम सुटले म्हणजे ज्या वडिलांनी पत्रावर सही केली तेच पुढच्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर घेऊन समोर येतात. मग ते कुटुंब उपासनेला येईनासे होते. आधी नवरा थांबतो, मग मुले, शेवटी बायको दुसऱ्या मंडळीत जाऊ लागते. आम्ही अशी घरे पाहिली आहेत, आणि त्यांच्या जागा कोण बसतो म्हणून रिकाम्या दिसत नाहीत एवढेच.

इतिहासात अशा वाटा वेगळ्या झाल्या नाहीत असे नाही. इंदूर ख्रिश्चन कॉलेज ज्यांनी १८८७ साली उभे केले त्या रेव्हरंड विल्की यांचे व त्यांच्या मिशनचे पुढे जमले नाही आणि ते झाशीस जाऊन नव्याने काम करू लागले. कॉलेज राहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर स्वतःहून १९१७ साली मिशनच्या पगारी सेवेतून बाहेर पडून साताऱ्यास गेले, पण ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांनी सोडले नाही, १९१९ साली मृत्यू येईपर्यंत ते चालू होते. पगार घेत नसले तरी लेख देत होते.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाचा दाखला देऊन काढलेल्या शिक्षकाला न्यायालयात जाऊ नको म्हणून सांगणारे वडील आम्ही ऐकले आहेत. त्याच अध्यायात पौल विचारतो की भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय (६:५). मग आधी तो शहाणा मनुष्य पुढे यावा. जो संस्थेच्या कार्यकारी मंडळावर आहे तो निवाडा करणारा असू शकत नाही. दुसऱ्या मंडळीतील दोघे निःपक्ष बंधू बोलवावेत, दोन्ही बाजूंचे कागद पाहावेत, आणि तारीख ठरवून निर्णय द्यावा. एवढे जी मंडळी करीत नाही तिला तो अध्याय काढलेल्या माणसाला वाचून दाखवण्याचा अधिकार नाही. पौलाने स्वतःही गरज पडली तेव्हा कैसराकडे दाद मागितली होती (प्रे. कृत्ये २५:११).

आणि धन्याच्या जागी असलेल्यांनी एक तरी गोष्ट करावी. ज्याला काढावे लागले त्याच्या कामाचा खरा दाखला त्याच आठवड्यात लिहून द्यावा; त्याला चार खेपा घालायला लावू नये. पाळकांनी त्या घरी पहिल्या पंधरवड्यात जावे, आणि शक्यतो संस्थेचा विषय काढण्याआधी घरात धान्य आहे की नाही हे विचारावे.

शमुवेलाने लोकांना शेवटी जे सांगितले ते तेविसाव्या ओवीत आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करणे थांबवले तर ते आपल्या हातून परमेश्वराविरुद्ध पाप होईल, असे तो म्हणतो. पाप लोकांविरुद्ध नव्हे, परमेश्वराविरुद्ध. पुढे शौल चुकला तेव्हा हाच शमुवेल रात्रभर देवाकडे आक्रोश करीत होता (१५:११). आपल्या जागेवर बसलेल्याचे बिघडले म्हणून त्याला बरे वाटले नाही.

घरच्या प्रार्थनासभेत हा पाठ घेताना आठवा आणि बारावा अध्याय सलग वाचावेत. मग प्रत्येकाने ज्या धन्याकडचे काम आपले सुटले त्याचे नाव मनातल्या मनात घेऊन प्रार्थना करावी. नावे मोठ्याने घेऊ नयेत. सभेत कोणी नुकताच कामावरून कमी झालेला असेल तर त्याला बोलायला लावू नये, त्याच्या शेजारी बसावे. पुढील महिन्यात आपण फिलेमोनाला लिहिलेले पत्र घेणार आहोत. ते एकाच बैठकीत वाचून होते. अनेसिम परत धन्याच्या दारी गेला तेव्हा त्याच्या हातात ते होते, हे ध्यानात ठेवून वाचावे.